काटा हलला की झालं?

मागच्या सेमिस्टरला डिपार्टमेंटच्या प्रदर्शनात आमच्या अ‍ॅम्बेसिडरशेजारी एक पोस्टर लावलं होतं. बऱ्याच जणांनी ते बघितलं असेल, निदान त्याच्यासमोर उभं राहून फोटो तरी काढले असतील. पोस्टरवर लाल अक्षरात लिहिलं होतं : नवीन 5 स्पीड गिअरबॉक्स, मायलेज 11.5 वरून 15! म्हणजे 30 टक्के वाढ. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाठ थोपटली, आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि त्या पैशात आम्ही सगळ्यांनी मिसळ खाल्ली.

तो 15 चा आकडा चुकीचा होता. खरा आकडा 12 आहे.

आम्ही मुद्दाम खोटं बोललो नव्हतो. आम्हाला ते माहीतच नव्हतं. पण माहीत नव्हतं याचं कारण असं, की गाडीचा स्पीडोमीटर चालू झाल्यावर "हलला, हलला!" म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तो बरोबर दाखवतोय का, हे कुणी विचारलंच नाही. त्यात मीही होते. म्हणून हा लेख. आणि हो, मराठी विभागात गिअरचे दाते वगैरे चालणार का, असं संपादकांना विचारलं तर ते म्हणाले, "पाऊस आणि पहिलं प्रेम यावरच्या बावीस कविता आल्यात, तू काहीही दे."

तर आधी गाडी. एका माजी विद्यार्थ्याने कॉलेजला दिलेली ही जुनी अ‍ॅम्बेसिडर वर्कशॉपच्या मागे शेडमध्ये असते. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, जी आपल्याकडे कोलकत्याजवळच्या उत्तरपाडा इथे बनू लागली आणि 2014 पर्यंत बनत राहिली. आमच्या गाडीत जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि 4 गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. मागच्या वर्षीच्या सीनिअर्सनी प्रोजेक्ट म्हणून तो गिअरबॉक्स उतरवला आणि त्याच कंपनीच्या पुढच्या, इसुझू इंजिनवाल्या मॉडेलमधला 5 स्पीड गिअरबॉक्स भंगार बाजारातून आणून बसवला. मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट घातली, प्रॉपेलर शाफ्ट कापून लहान केला, दांडा खाली फ्लोअरवर आला. त्यांनी जबरदस्त काम केलं, यात वाद नाही. फक्त जाताना एक गोष्ट आमच्यासाठी ठेवून गेले : मीटरची केबल. ती नुसतीच डॅशबोर्डखाली लोंबत होती आणि काटा शून्यावर झोपला होता.

सीनिअर्सच्या रिपोर्टमध्ये 94 पानं आहेत. मी सगळी वाचली. स्पीडोमीटरबद्दल एक ओळ आहे : "फ्युचर स्कोप."

आता ज्यांना हे काय प्रकरण आहे ते माहीत नाही (कॉम्प आणि आयटीवाले, तुम्हीच!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुन्या गाडीत वेग इंजिनवरून मोजत नाहीत आणि पुढच्या चाकावरूनही नाही. गिअरबॉक्समधून मागे प्रॉपेलरकडे जो शाफ्ट जातो, त्याच्यावर एक वर्म असतो. त्याला एक छोटी पिनियन लागते, तिला गॅरेजमध्ये मीटर गिअर म्हणतात. त्या पिनियनमध्ये केबलचं चौकोनी टोक बसतं. ही केबल आपल्या कव्हरमध्ये गोल गोल फिरत डॅशबोर्डपर्यंत जाते आणि मीटरच्या आत एक लोहचुंबक फिरवते. चुंबकावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला चिकटलेली नसते. पण चुंबक फिरला की वाटीत एडी करंट तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा. बारावीला एडी करंटवर चार मार्कांची टीप आपण सगळ्यांनी घोकली होती, पण ती टीप रोज आपल्या डोळ्यासमोर डॅशबोर्डवर थरथरत असते हे मला विसाव्या वर्षी कळलं.

त्याच केबलवरून दुसरंही एक काम होतं. छोट्या दात्यांच्या मालिकेने किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात. म्हणजे एका डब्यात दोन वेगळी यंत्रं. काटा चुंबकावर आणि स्प्रिंगवर अवलंबून, तर किलोमीटरचे आकडे फक्त दात्यांवर. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला प्रश्न केबलचाच होता. नव्या गिअरबॉक्सचं तोंड वेगळ्या जागी, नटाचे आटे वेगळे, चौकोनाचं माप वेगळं. मीटरच्या बाजूला मात्र जुनंच टोक हवं. शहरात टॅक्सी-रिक्षांचे मीटर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे दोन्ही टोकं घेऊन गेलो. त्यांनी एका बाजूचं एक आणि दुसऱ्या बाजूचं दुसरं टोक घेऊन मधे हव्या त्या लांबीची केबल प्रेस करून दिली. जाताना दोन गोष्टी सांगितल्या, ज्या कुठल्या पुस्तकात मला सापडल्या नसत्या. एक, केबलला कुठेही घट्ट वळण देऊ नका, मोठा गोलावा द्या, नाहीतर काटा नाचेल. आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. दोन, ग्रीस फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावा आणि तेही बोटावर येईल इतकंच. कारण केबलची तार पिळाची असते, ती फिरताना ग्रीस हळूहळू वर चढवते, आणि ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा कायमचा शेवटच्या आकड्यावर! मी म्हटलं, "काका, हा तर आर्किमिडीजचा स्क्रू." ते म्हणाले, "असेल. पण ग्रीस कमी लाव."

केबल बसली. गाडी ग्राउंडवर काढली. काटा उठला, 10... 20... 30! वर्कशॉपचे मामासुद्धा हसले. मग हायवेला जाऊन टाकी फुल टू फुल करून मायलेज काढलं. मीटरवर 150 किलोमीटर, पेट्रोल 10 लिटर. झालं, 15! पोस्टर छापायला गेलं.

संशय आला तो बक्षीस मिळाल्यानंतर तीन आठवड्यांनी, तेही अपघाताने. आम्ही दोन गाड्या घेऊन एका मित्राच्या गावी चाललो होतो. तो पुढे बाईकवर, आम्ही मागे अ‍ॅम्बेसिडरमध्ये. चहाला थांबल्यावर तो म्हणाला, "काय बैलगाडी चालवताय का? चाळीसने?" आमचा काटा पन्नासवर होता. थोडा वाद झाला. आता बाईकचा मीटरही काही धर्मराज नसतो. मीटर थोडा जास्तच दाखवेल असा ठेवण्याकडे कल असतो, कमी दाखवणं धोक्याचं म्हणून. युरोपातल्या नियमात तर मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही, जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालतं. म्हणून काट्यावरून भांडण्यात अर्थ नव्हता. आम्ही रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघायला लागलो. दगडावरचा आकडा 10 ने कमी झाला तेव्हा आमच्या मीटरवर साडेबारा किलोमीटर झाले होते.

गाडीत एकदम शांतता. मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे मायलेज?" दीडशे किलोमीटर म्हणजे खरे एकशेवीस. भागिले दहा. बारा.

परत हॉस्टेलवर आल्यावर रात्री दीड वाजेपर्यंत जी चर्चा झाली, तीवर खरं तर हा लेख आहे. आमच्या ग्रुपमध्ये तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष : सोडून द्या. काटा जास्तच दाखवतोय ना? मग सेफ आहे. गाडी हळू चालेल. बक्षीस मिळालं, मार्क मिळाले, कुणाला काय कळतंय.

मला हा पक्ष आवडला नाही, पण त्यांचं "सेफ आहे" हे मात्र दोन दिवस माझ्या डोक्यात राहिलं, कारण वरवर ते पटतं. मग लक्षात आलं, की जास्त दाखवणारा मीटर हा माहीत नसतो तोवरच सेफ असतो. एकदा कळलं की ड्रायव्हर मनातल्या मनात वजाबाकी करायला लागतो, "पन्नास म्हणजे चाळीस". मग एक दिवस त्याच ड्रायव्हरच्या हातात दुसरी, बरोबर मीटरची गाडी येते आणि सवयीने वजाबाकी तशीच चालू राहते. बंद पडलेला काटा निदान सांगतो की माझ्यावर विसंबू नका. शून्यावर झोपलेल्या काट्याने आम्हाला कधी फसवलं नाही. फसवलं ते हलणाऱ्याने. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 117 वा नियम स्पीडोमीटरचाच आहे आणि त्यात अधिक-उणे 10 टक्क्यांची सूट आहे. आमची चूक 25 टक्के! आपण रिक्षात बसलो आणि मीटर जोरात पळायला लागला की लगेच "काय हो, मीटर फास्ट आहे का?" म्हणून भांडतो. भाडेवाढ झाली की रिक्षांना मीटर कॅलिब्रेट करून घ्यावा लागतो. रिक्षावाल्याला एक न्याय आणि भावी इंजिनिअरला दुसरा?

दुसरा पक्ष : जीपीएस लावा. मोबाईल डॅशबोर्डवर चिकटवा, नाहीतर बाजारात जीपीएसवर चालणारा गोल मीटर मिळतो तो बसवा, विषय संपला. या पक्षात आमचा टॉपर होता, त्यामुळे मुद्दे जोरदार होते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बरेचसे खरेही होते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने जाताना जीपीएस आमच्या केबलपेक्षा कितीतरी अचूक. टायर झिजला, हवा कमी झाली, टायरचं माप बदललं, त्याला फरक पडत नाही. गिअरबॉक्स कुठलाही असो, डिफरन्शियल कुठलंही असो. ज्याला फक्त वेग बघायचाय, त्याने बेलाशक लावावा.

माझं म्हणणं एवढंच, की ती दुरुस्ती नाही. बोगद्यात शिरलात की सिग्नल जातो, एक्स्प्रेस वेवरच्या भाताण आणि कामशेतच्या बोगद्यात हे कुणीही करून बघावं. ब्रेक मारला की आकडा एखादा क्षण मागे राहतो. आणि मोबाईल चिकटवला तरी डॅशबोर्डवरचा मूळ काटा तसाच चुकीचा हलत राहतो, किलोमीटरचे आकडे चुकीचे वाढत राहतात. दोन मीटर, दोन आकडे. ऑइल बदलायचं कुठल्या आकड्यावर? पण खरं कारण वेगळं होतं. टॉपरला मी विचारलं, "आपला मीटर 25 टक्के का चुकतोय?" तो म्हणाला, "नवीन गिअरबॉक्सला पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह आहे ना, म्हणून."

आणि हे चूक आहे! चौथा असो, पाचवा असो, मीटरचा वर्म शेवटच्या शाफ्टवर बसलेला असतो. आतल्या गिअरचं गुणोत्तर काय आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. शाफ्ट एकदा फिरला की चाक किती फिरणार हे फक्त डिफरन्शियल ठरवतं. म्हणून हिशेबात तीनच गोष्टी येतात : वर्म आणि मीटर गिअरचे दाते, डिफरन्शियल, आणि टायर. आमच्या गाडीत डिफरन्शियल आणि टायर जुनेच होते. म्हणजे चोर दात्यांत होता. (जुन्या जीपमध्ये तर मीटरची केबल गिअरबॉक्सला नाहीच, मागच्या ट्रान्सफर केसला असते. तिथे नुसता गिअरबॉक्स बदलला तर मीटरला पत्ताही लागत नाही.) आमच्या टॉपरला हे माहीत नव्हतं, मलाही आदल्या दिवशीपर्यंत नव्हतं. आणि जीपीएस चिकटवला असता तर दोघांनाही कधीच कळलं नसतं.

तिसरा पक्ष म्हणजे मी आणि माझी रूममेट : आधी मोजा.

मोजण्याची गोष्ट सांगते, कारण त्यात आमची भरपूर फजिती झाली. दोन आकडे हवे होते. मीटरला एका किलोमीटरला केबलचे किती फेरे हवेत, आणि गाडी प्रत्यक्षात किती देते. अनेक मीटरच्या डायलवर हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. ब्रिटिश गाड्यांच्या स्मिथ्स मीटरवर मैलाला किती फेरे ते असतं, अमेरिकन गाड्यांत मैलाला 1000 फेरे हा नेहमीचा हिशेब, आणि जपान्यांचा 60 च्या वेगाला मिनिटाला 637 फेरे, म्हणजे किलोमीटरला 637. आमच्या डायलवर मात्र फक्त गंज होता.

मग मीटर काढून वर्कशॉपमध्ये नेला. लेथच्या चकमध्ये केबलचा तुकडा धरला, स्पिंडल टॅकोमीटरने मोजून 400 आरपीएमला ठेवला आणि घड्याळ लावलं. 8 मिनिटात मीटरवर 5 किलोमीटर झाले. 3200 फेरे, 5 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 640. लेथ जागेवर उभं राहून पाच किलोमीटर चालून आलं! त्याच वेळी काटा 38 च्या थोडा पुढे होता, हिशेबाने यायला हवा साडेसदतीसवर. म्हणजे चुंबक आणि स्प्रिंग या वयातही ठणठणीत. वर सांगितलं ना, एका डब्यात दोन यंत्रं असतात म्हणून? दोन्ही बरोबर निघाली. मीटर निर्दोष. एखाद्याने काटा चुकतोय म्हणून मीटर उघडून स्प्रिंग पिळली असती, तर काटा कदाचित बरोबर आला असता, पण किलोमीटर तसेच चुकत राहिले असते आणि एक चांगला मीटर बिघडला असता.

आता गाडी. आम्ही हुशारी करून मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने 10 वेळा फिरवलं. केबलच्या टोकाला कागदाचा झेंडा. 8 फेरे. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण 2 मीटर, म्हणजे किलोमीटरला 400. पण मीटरला तर 640 हवेत! या हिशेबाने काटा कमी दाखवायला हवा होता, आणि तो जास्त दाखवत होता. अर्धा तास आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी मामा, जे आतापर्यंत स्टुलावर बसून तंबाखू मळत होते, ते म्हणाले, "ताई, दुसरं चाक जमिनीवर हाय ना?"

डिफरन्शियल! एक चाक धरून ठेवलं आणि दुसरं फिरवलं की क्राउन अर्धाच फिरतो. आम्ही मोजलेलं सगळं निम्मं होतं. थिअरीला मला या चॅप्टरमध्ये पैकीच्या पैकी होते.

मग सरळ मार्ग. सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमधून 30 मीटरची टेप आणली (त्यांनी त्यासाठी अर्ज लिहून घेतला, तोही दोन प्रतीत), ग्राउंडच्या कडेला अंथरली आणि गाडी ढकलली. पाच जणी ढकलायला, एक आत झेंड्याचे फेरे मोजायला. 24 फेरे. परत केलं, 24. तिसऱ्यांदा केलं, बिनचूक 24. किलोमीटरला 800. भागिले 640, सव्वा. दगडांनी सांगितलं होतं तेच.

उपाय काय? पहिला विचार मीटर गिअर बदलण्याचा. गाडीतला काढून दाते मोजले (मी कॉन्व्हेंटवाली, मी "टीथ" म्हणत होते, मग "दात" म्हणाले, तेव्हा मामांनी सुधारलं की माणसाला दात, गिअरला दाते). 16 होते. 20 दात्यांचा बसवला की केबल सव्वापट हळू, काम फत्ते. पण 20 दात्यांचा गिअर मोठा होतो आणि गिअरबॉक्समधलं भोक आहे तिथेच राहतं, त्यामुळे तो वर्मवर बसणारच नाही. काही गाड्यांत यासाठी मीटर गिअरची बुशी सेंटरपासून थोडी बाजूला केलेली मिळते. आमच्याकडे तशी नव्हती.

म्हणून केबलच्या मधे एक छोटी डबी करायची ठरली : 5 फेरे आत, 4 बाहेर. 20 आणि 25 दात्यांचे दोन गिअर. मिलिंग मशीनवर इंडेक्सिंग हेड लावून नायलॉनच्या रॉडमधून कापले. 20 ला हँडलचे पूर्ण दोन फेरे, 25 ला एक फेरा आणि 15 च्या सर्कलवर 9 भोकं. सेकंड इयरला हे गणित आपण जर्नलमध्ये सीनिअर्सच्या जर्नलवरून छापलं होतं. या वेळी खरोखर हँडल फिरवलं, एकदा भोकं मोजायला चुकले आणि शेवटचा दाता अर्धाच उरला. परत नवा रॉड. डबी झाली, बसवली, गाडी काढली. काटा हललाच नाही! शून्याच्या खिळ्याला आतून ढकलत होता. आणि किलोमीटरचे आकडे उलटे जात होते. गाडी दर मिनिटाला तरुण होत होती.

ज्यांना कारण कळलं त्यांनी हसून घ्यावं. दोन गिअर एकमेकांना लावले की दुसरा उलटा फिरतो. मधे तिसरा गिअर हवा, आयडलर. तो वेग बदलत नाही, फक्त दिशा सरळ करतो. हा प्रश्न आम्हाला ओरलला विचारला होता आणि आम्ही चौघींनीही बरोबर उत्तर दिलं होतं. सगळी डबी परत उघडली, मोठं कव्हर केलं, आयडलर घातला. याला अजून एक आठवडा गेला, कारण मधे सबमिशन आलं.

आता दगडांचे 10 किलोमीटर मीटरवर 10 भरतात. काटा 60 वर असताना मोबाईलचा जीपीएस 57-58 दाखवतो, म्हणजे नियमात. (हो, तपासायला जीपीएसच वापरला. त्याच्याशी माझं काही वैर नाही. डॅशबोर्डवर बसवण्यापेक्षा परीक्षक म्हणून तो मला जास्त आवडतो.) मायलेज परत दोनदा काढलं, 12 च्या आसपास. जुना आकडा साडेअकरा. टाकी फुल करताना नोझल कुठे थांबतं यातच एवढा फरक पडू शकतो, त्यामुळे पाचव्या गिअरने मायलेज वाढलं असं आम्ही आज म्हणू शकत नाही.

माझी तक्रार सीनिअर्सवर नाही आणि परीक्षकांवरही नाही, पण आपण जसे प्रोजेक्ट करतो त्यावर आहे. आमच्या ओरलला पंचवीस मिनिटांत अ‍ॅडॉप्टर प्लेटचं मटेरिअल विचारलं, खर्च विचारला, इंट्रोडक्शनमध्ये स्पेलिंग मिस्टेक काढली, बाइंडिंगच्या रंगावरून बोलणी बसली. 15 हा आकडा कशाने मोजला, हे एकाही माणसाने विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही म्हणालो असतो, गाडीच्या मीटरने. मग पुढचा प्रश्न, मीटर कशाने तपासला? आणि तिथेच आम्ही गार झालो असतो. हे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. ज्या प्रोजेक्टमध्ये आधीपेक्षा इतके टक्के सुधारणा असं लिहिलंय, त्या प्रत्येकाला ते विचारावेत, आणि उत्तर नसेल तर तो टक्का रिपोर्टमधून काढायला लावावा. मार्क कापू नका हवं तर, फक्त आकडा कापा. यामुळे बऱ्याच रिपोर्टमधली सुधारणा गायब होईल याची मला कल्पना आहे. आमची 30 वरून 4 वर आली.

गाईड सरांना मी हे सगळं लिहून दिलंय. ते पहिल्यांदा जरा रागावले, मग म्हणाले की बक्षीस परत घेण्याची काही पद्धत नाही, पण रिपोर्टला एक पान जोडता येईल. ते पान जोडलंय, लायब्ररीतल्या प्रतीतही. ग्रुपमधले दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, त्यांच्या रिझ्युमेवर 30 टक्के लिहिलेलं आहे आणि प्लेसमेंट तोंडावर आल्यात. त्यांचंही मी समजू शकते. मिसळीचे पैसे कुणी परत मागितले तर मात्र अवघड आहे.

पोस्टर लॅबच्या भिंतीवर तसंच आहे. 15 वर मार्करने काट मारून बाजूला 12 लिहिलंय. कुणाला डबी बघायची असेल तर शनिवारी चारनंतर वर्कशॉपला या, मामांना आधी विचारून. वीसच्या खाली काटा अजून थोडा थरथरतो, बहुतेक केबलला कुठेतरी घट्ट वळण राहिलंय. गाडीखाली शिरून बघायला दोन माणसं हवीच आहेत.